प्रकल्प नोंदी : शिडाच्या नौकेतील केबिनची पूर्णाकृती प्रतिकृती, नागपूर

५ ऑक्टोबर २०२५

डिसेंबरमधील शालेय भूगोल प्रदर्शनासाठी ३६ फुटी शिडाच्या नौकेच्या केबिनची पूर्णाकृती प्रतिकृती तयार करण्याचे काम आज हाती घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मावशी आणि काका यांच्या नौकेवर तिसरी खलाशी म्हणून मी रियुनियन बेटापासून दक्षिण आफ्रिकेतील रिचर्ड्स बे बंदरापर्यंत १२ दिवसांचा, १३०० हून अधिक सागरी मैलांचा प्रवास केला होता. नागपूरला परतल्यावर भेटेल त्या माणसाने मला लाटा किती उंच होत्या हेच विचारले. झोप कशी लागायची, भात कसा शिजायचा, ओले कपडे कुठे वाळायचे, हे क्वचितच कोणी विचारले. आणि त्या १२ दिवसांत आमची सगळी शक्ती तर याच तीन गोष्टींवर खर्च झाली होती.

शाळेची पहिली कल्पना मोठा पडदा, त्यावर लाटांची चित्रफीत आणि शेजारी जोरात चालणारा पंखा अशी होती. त्याऐवजी मुलांना आत जाऊन बसता, निजता आणि पेला भरता येईल अशी हलणारी केबिन करू द्यावी, अशी विनंती मी केली. खर्चाचा अंदाज पाहून ती मान्य झाली. घरांचे आराखडे काढणे हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. मात्र जमीन सतत हलत राहणार हे गृहीत धरून केलेला हा पहिलाच आराखडा असेल.

७ ऑक्टोबर

मापे पक्की केली. लांबी १० फूट, रुंदी ८ फूट, उभे राहण्यापुरती उंची ६ फूट. दोन बर्थ, एक स्वयंपाकाचा कोपरा, एक नकाशाचे टेबल आणि वर डेकवर जाणाऱ्या चार पायऱ्या. खऱ्या केबिनची रुंदी याहून थोडी जास्त होती. तरीही आडव्या अंगाने येणाऱ्या लाटांत तीच रुंदी मला भयंकर वाटायची, कारण एका भिंतीवरून सुटलेला माणूस दुसऱ्या भिंतीवर आपटेपर्यंत त्याला वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते. लहान नौकेचा चिंचोळेपणा अडचणीचा वाटतो खरा, पण खवळलेल्या समुद्रात तोच जीव वाचवतो.

१२ ऑक्टोबर

लकडगंजात जाऊन १८ आणि १२ मिलिमीटरचे प्लाय, तसेच हातकठड्यांसाठी सागवानाच्या पट्ट्या निवडल्या. सागवानासाठी मी आग्रह धरला. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून तो ओलावा सहज शोषत नाही. शिवाय ओल्या हाताला त्याची पकड चांगली मिळते. जगभर न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली नौका, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहैली’, मुंबईत भारतीय सागवानातच बांधली गेली होती. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फॅलमथहून निघालेली ही नौका २२ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे ३१२ दिवसांनी, त्याच बंदरात परतली. विदर्भातील मुलांच्या घरांत सागाची दारे-चौकटी रोज दिसतात. त्याच जातीच्या लाकडाने तीन महासागर पार केले, हे त्यांना पट्टीवर हात ठेवूनच सांगायचे आहे.

१५ ऑक्टोबर

सुतारकाकांनी आज सांगाडा उभा करायला घेतला. आराखडा पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताई, घर तं सरळ उभं राहाले पायजे. तुम्ही त्याले तिरपं कराले मनता.” त्यांची शंका रास्त होती. चाळीस वर्षे ओळंबा लावून काम केलेल्या माणसाला मी ओळंबा बाजूला ठेवायला सांगत होते.

म्हणून मी त्यांना एक फळी वीस अंशांत टेकवून तिच्यावर उभे केले आणि हातात पाण्याचा तांब्या दिला. शिडाची नौका वाऱ्याच्या कडेने चालू लागली की १५ ते २५ अंश कलून राहते, आणि दिशा बदलली नाही तर दोन-दोन दिवस तशीच कललेली असते. त्या कलत्या घरात लाटा वेगळे धक्के देत असतात. काका दोन मिनिटे तसे उभे राहिले. खाली उतरल्यावर त्यांनी आपणहूनच विचारले, “मंग धराले काय हाय?”

मला हवा होता तो हाच प्रश्न. केबिनमध्ये कुठेही उभे राहिले तरी एक हात लांब केल्यावर काहीतरी धरता आले पाहिजे, हा आमचा नियम ठरला. छताखाली दोन्ही बाजूंना कठडे, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना मुठी आणि मधोमध एक खांब. फर्निचरचे प्रत्येक टोक गोल. टेबल आणि ओटा यांच्या कडेने दीड इंच उंच पट्टी, म्हणजे भांडे घसरले तरी खाली पडणार नाही. काकांनी प्रत्येक कोपऱ्यावर पटाशी आणि पॉलिशपेपर फिरवला आणि नंतर डोळे मिटून हाताने चाचपून पाहिला. नौकेवर रात्री दिवे मंद ठेवतात, त्यामुळे ही परीक्षा अगदी योग्य होती, हे मी त्यांना नंतर सांगितले.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होते. कारखान्यातून लोखंडी चौकट आली. केबिन मधोमध एका पाइपवर, दोन बेअरिंगांच्या आधाराने डोलेल. एका बाजूला ओढण्यासाठी दोर आणि दुसऱ्या बाजूला परत खेचण्यासाठी ट्रकच्या रबरी ट्यूबा. वीस अंशांपुढे जाऊ नये म्हणून खाली जुन्या टायरचे तुकडे बसवले.

२ नोव्हेंबर

आज बर्थ झाले. रुंदी मुद्दाम २२ इंच ठेवली. मदतीला येणाऱ्या मुलांना ती फारच अरुंद वाटली. पण हलत्या नौकेत ऐसपैस बिछाना मिळाला तर माणूस रात्रभर त्याच्यावर इकडून तिकडे लोळत राहतो आणि शरीराचा प्रत्येक स्नायू त्याला सावरत बसतो. अशी झोप अंगाला लागत नाही. उघड्या बाजूला ली-क्लॉथ लावले, म्हणजे गादीखालून निघून वर दोरीने छताला बांधलेला जाड कापडाचा पडदा. तो ताठ बांधला की झोपणारा भिंत आणि कापड यांच्यामध्ये झोळीतल्या बाळासारखा घट्ट बसतो.

झोपेविषयी येथे सविस्तर लिहून ठेवते, कारण फलकावर इतकी जागा मिळणार नाही. आम्ही तिघे होतो. तीन तास पहारा आणि सहा तास सुटी, असे नऊ तासांचे चक्र होते. ते २४ तासांत नेमके बसत नाही, त्यामुळे प्रत्येकाची पाळी रोज वेगळ्या वेळी येई आणि मध्यरात्रीची पाळी सतत एकाच्याच वाट्याला येत नसे. सहा तासांची सुटी म्हणजे सहा तासांची झोप नव्हे. ओले वरचे कपडे उतरवणे, काहीतरी खाणे, नोंदवहीत स्थान लिहिणे आणि शीड आखूड करण्यासाठी हाक आली तर पुन्हा वर जाणे, हे वजा केल्यावर फार तर साडेतीन तास उरत. चौथ्या दिवसापर्यंत मला दोन आकड्यांची बेरीज दोनदा तपासावी लागत होती. खवळलेल्या समुद्रात थकव्याइतका मोठा धोका नाही, कारण थकलेला माणूस गाठ अर्धी मारतो आणि आपण पूर्ण मारली असे समजतो.

माझ्या हातून तेच झाले. पाचव्या दिवशी पहाटे पहारा संपवून खाली येताना बर्थवरच्या झडपेची एक कडी मी फिरवली आणि दुसरी विसरले. झडप बोटभरच उघडी होती. तासाभराने एक लाट डेकवरून गेली आणि त्या फटीतून बादलीभर पाणी माझ्या गादीवर आले. समुद्राच्या पाण्याने भिजलेले कापड कधीच पूर्ण वाळत नाही, कारण त्यातले मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. ते गोड्या पाण्यात धुतले तरच सुकते, आणि गोडे पाणी पिण्यासाठी राखलेले असते. पुढचे सात दिवस मी ओलसर, चिकट गादीवर झोपले. कोपर आणि मांड्यांवर मिठाचे फोड आले. मावशी मला एका शब्दानेही बोलली नाही. तिने स्वतःची कोरडी उशी माझ्या बर्थवर ठेवली आणि झडपेशेजारी पेन्सिलीने ‘दोन कड्या’ असे लिहिले. प्रतिकृतीतही त्याच जागी तेच दोन शब्द पेन्सिलीने लिहायचे ठरवले आहे.

९ नोव्हेंबर

स्वयंपाकाचा कोपरा. आजचा पूर्ण दिवस शेगडीत गेला.

नौकेची शेगडी दोन खिळींवर झुलती टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी शेगडी आडवी राहते. यामागचा नियम साधा आहे : ज्या खिळीवर ती झुलते तिच्या खाली वजन जास्त असले पाहिजे. आम्ही पत्र्याची पोकळ पेटी टांगली. रिकामी असताना ती सुंदर झुलली. मग सुतारकाकांनी पाच लिटरचा कुकर पाण्याने भरून वर ठेवला आणि केबिन हलवताच पेटी उलटून सगळे पाणी ओट्यावर सांडले. भरलेल्या कुकरचे वजन खिळीच्या वर गेले होते. खऱ्या शेगडीखाली जड भट्टी असते, म्हणून हे तिथे सहसा घडत नाही. काकांनी इतवारीतल्या ओळखीच्या दुकानातून पाच किलोची दोन जुनी लोखंडी मापे आणली, पेटीच्या तळाला बोल्टने कसली आणि पुन्हा कुकर ठेवला. केबिन वीस अंश कलली, पण कुकरच्या कडेशी पाण्याची रेषा हलली नाही. काका खाली वाकून बराच वेळ ती रेषा पाहत राहिले.

प्रदर्शनात जाळ अजिबात असणार नाही. पण खऱ्या नौकेत गॅसची काळजी कशी घेतात ते मुलांना सांगणार आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर दारे-खिडक्या उघडून तो बाहेर काढता येतो. नौकेत मात्र तो तळाशी जाऊन साचतो आणि तिथून त्याला वाट नसते. म्हणून प्रत्येक स्वयंपाकानंतर मावशी सिलिंडरवरची कळ बंद करून ‘गॅस बंद’ असे मोठ्याने म्हणत असे, आणि ऐकणाऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे अशी शिस्त होती.

नौकेवर कुकरला पर्याय नाही. त्याचे झाकण अडकलेले असते, त्यामुळे तो पडला तरी आतली खिचडी सांडत नाही. पहिले तीन दिवस आम्ही जवळजवळ खिचडीच खाल्ली. चार भागांत एक भाग समुद्राचे पाणी घातले की वेगळे मीठ लागत नव्हते. उकाडा असला तरी मावशी स्वयंपाक करताना रबरी पाणरोधक विजार घालत असे, कारण उकळते पाणी मांडीवर सांडले तर सर्वांत जवळचे रुग्णालय कित्येक दिवस दूर होते. ओट्यासमोर तिने कमरेला आधार देणारा रुंद पट्टा बांधला होता. त्यात मागे टेकून उभे राहिले की दोन्ही हात मोकळे राहतात. तो पट्टा आज लावून झाला.

१२ नोव्हेंबर

रंगाचा पहिला हात. थंडी सुरू झाल्याने वाळायला वेळ लागतो आहे.

१६ नोव्हेंबर

नकाशाच्या टेबलावर एक जुना बॅरोमीटर बसवला. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे येथे हवेचा दाब समुद्रावरच्यापेक्षा साधारण ३५ हेक्टोपास्कलने कमी दिसतो. मागचा स्क्रू फिरवून काटा समुद्रसपाटीच्या आकड्यावर आणला. नाहीतर मुलांनी खऱ्या खलाशाच्या नजरेने पाहिले असते तर नागपूरवर कायमचे चक्रीवादळ आहे असेच त्यांना वाटले असते.

हे उपकरण टेबलावर का हवे, याचे कारण आमच्या प्रवासाचा दहावा दिवस आहे. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला लागून आगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि काही ठिकाणी त्याचा वेग पाच नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांपर्यंत जातो. त्याच किनाऱ्यावर दर काही दिवसांनी नैर्ऋत्येकडून जोरदार वारा सुटतो. प्रवाह एका दिशेने आणि वारा त्याच्या नेमका विरुद्ध, अशी गाठ पडली की लाटा जवळजवळ येतात आणि त्यांच्या कडा उभ्या होतात. त्या पट्ट्यात मोठ्या जहाजांचेही नुकसान झालेले आहे. वारा बदलण्याची आगाऊ सूचना बॅरोमीटर देतो : ईशान्येचा वारा वाढत असताना काटा उतरत जातो, मग काही काळ वारा पडतो, आणि त्यानंतर नैर्ऋत्येचा झोत येतो.

दहाव्या दिवशी दुपारपासून काटा उतरू लागला. मी दर तासाला आकडा लिहीत होते. किनारा ९० मैलांवर होता. उजेडात बंदर गाठावे अशी माझी तीव्र इच्छा होती आणि ती मी बोलूनही दाखवली. नौकेवरच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, नोंदवहीतला आकड्यांचा स्तंभ पाहिला आणि म्हणाले, “प्रवाहात शिरायचं नाही. इथेच थांबायचं.” आम्ही मोठे शीड सर्वांत आखूड केले, पुढचे लहान शीड उलट्या बाजूला ताणले आणि सुकाणूचा दांडा बांधून टाकला. याला नौका थोपवून धरणे म्हणतात. पुढचे शीड तिला एका अंगाला ढकलते, सुकाणू दुसऱ्या अंगाला वळवते, आणि त्या ओढाताणीत ती वाऱ्याशी तिरपी राहून अगदी सावकाश वाहत जाते.

रात्री वारा आला. डोलकाठीच्या तारांमधून येणारा आवाज एकेक सूर वर चढत गेला. तरीही केबिनमधले धक्के दुपारपेक्षा निम्म्याहून कमी झाले होते. आत दहा दिवसांत प्रथमच पेला हातातून सोडून टेबलावर ठेवता आला. आम्ही आळीपाळीने पहारा केला आणि सुटी असलेले दोघे गाढ झोपले. सोळा तासांनी काटा चढून स्थिरावला, वारा मंदावला, आणि प्रवाह शांत होऊ लागल्यावर आम्ही तो ओलांडला. त्या सोळा तासांतली झोप नसती तर बंदराच्या तोंडाशी खुणा नीट वाचण्याइतकी शुद्ध आमच्यापैकी एकालाही राहिली नसती, असे माझे ठाम मत आहे.

२३ नोव्हेंबर

प्रथमच माणसे आत बसवून केबिन हलवली आणि निराशा झाली. दोर एका ठेक्यात ओढल्यामुळे मुलांना पाचच मिनिटांत सवय झाली. त्यांना ते झोपाळ्यासारखे वाटू लागले. खऱ्या समुद्रात असा ठेका सापडत नाही. मादागास्करच्या दक्षिणेला आमच्याभोवती दोन प्रकारच्या लाटा होत्या : व्यापारी वाऱ्याने उठवलेल्या आग्नेयेच्या आणि दूर दक्षिण महासागरातून येणाऱ्या नैर्ऋत्येच्या. दोहोंचे अंतर वेगळे, त्यामुळे पुढचा धक्का कधी येईल हे शरीराला कधीच कळत नाही.

उपाय एका विद्यार्थ्याने सुचवला. एकाच बाजूला दोन दोर बांधायचे. पहिल्या गटाने दर पाच अंकांनी आणि दुसऱ्या गटाने दर सात अंकांनी ओढायचे. आता हेलकावे वेडेवाकडे येतात, आणि पस्तिसाव्या अंकाला दोन्ही दोर एकदम ओढले गेले की केबिन थेट टायरवर जाऊन टेकते. समुद्रावरही दोन लाटांची शिखरे एकावर एक आली की असेच होते. मुलांनी तिला पस्तिसावी असे नाव दिले आहे.

३० नोव्हेंबर

फलकांचा मजकूर पूर्ण केला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून सागर परिक्रमा, म्हणजे भारतीय नौदलाची शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम, साकार झाली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती न थांबता पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वर सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि फ्रेंच जहाजाने सोडवीपर्यंत ते केबिनमधील बर्थवर पडून होते. तो फलक मी बर्थच्या पायथ्याशी लावला आहे, म्हणजे वाचणाऱ्याला २२ इंचांची ती जागा समोरच दिसेल.

एका फलकावर इंग्लंडहून निघणारी शिडाच्या नौकांची फास्टनेट शर्यत आहे, १९७९ ची. ३०३ नौका निघाल्या आणि वादळात शर्यतीतले १५ जण दगावले. खलाशांनी २४ नौका सोडून दिल्या, पण त्यांपैकी बुडाल्या फक्त पाच; उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. भिजलेल्या, आंधळ्या रात्री आपली नौका बुडते आहे असे वाटणे किती स्वाभाविक असते, हे मला आता कळते. म्हणून जीवरक्षक तराफ्यात जायचे ते नौका पायाखालून खाली जात असेल तेव्हाच, पाऊल वर टाकून, असे नौकेवरचे काका सांगत असत. ते वाक्य तसेच्या तसे लिहिले.

७ डिसेंबर

शाळेतल्या बारा मुलांवर चाचणी. पायऱ्यांच्या मुठी थोड्या सैल निघाल्या. त्या पुन्हा कसल्या. दोन मुलांना मळमळले. त्यांना बाहेर आणून दूरच्या झाडाकडे पाहायला सांगितले. डोळ्यांना स्थिर केबिन दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून पोट ढवळते. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते, त्याचे कारण हेच. नागपुरात क्षितिजाचे काम झाडाने केले.

१४ डिसेंबर

प्रदर्शन पार पडले. रांग दुपारपर्यंत प्रवेशद्वाराबाहेर होती. प्रत्येक मुलाला एकच काम दिले होते : थर्मासमधून पेल्यात अर्धा पेला पाणी ओतायचे आणि ते प्यायचे. बहुतेकांनी एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात थर्मास धरला, त्यामुळे कठडा धरायला हात उरला नाही आणि पाणी मनगटावर सांडले. सातवीतली एक मुलगी मात्र आधी काहीच न करता उभी राहिली. कमरेचा पट्टा बांधून तिने दोन हेलकावे जाऊ दिले, मग पेला भांडी धुण्याच्या खोलगट टाकीत ठेवला, एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने ओतले. जे सांडले ते टाकीतच सांडले. पेला टाकीत ठेवायचा हे मला मावशीने तिसऱ्या दिवशी शिकवले होते. या मुलीला कोणीही शिकवले नव्हते. ती प्यायली, पेला पुन्हा टाकीत ठेवला आणि पस्तिसावी यायच्या आत पायऱ्या चढून बाहेर आली.

सायंकाळी गर्दी ओसरल्यावर सुतारकाका आत गेले आणि बर्थवर आडवे झाले. ली-क्लॉथ त्यांनी स्वतःच ओढून बांधले आणि आतून हाक दिली, “हालवा.” मुलांनी दोर हाती घेतले. काही वेळाने आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. मुले थांबणार होती, मी त्यांना हाताने खूण करून चालू ठेवायला सांगितले आणि आम्ही आणखी वीस मिनिटे दोर ओढत राहिलो.

उद्या सकाळी आठ वाजता केबिन सुटी करायची आहे. सागाचे कठडे आणि लोखंडी मापे आधी काढून वेगळी ठेवावीत. मापे इतवारीत परत द्यायची आहेत.